बंद केलीत चटणी, चालू ठेवलात मध

बार्शीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

‘माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. वय ५४, दुकानात दिवसभर बसून काम. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली तेव्हापासून मी घरातली शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याची चटणी, लोणचं सगळं बंद केलं, तेलकट नको म्हणून. सकाळी ब्राऊन ब्रेडच्या चार स्लाइस देते. दोनवर मध, दोनवर “साखर न घातलेला” जॅम. चहा बिनसाखरेचा. पोहे-उपमा असेल तर सोबत केचप. तरी नाश्त्यानंतरची साखर २४०-२५० येते आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी (एचबीए१सी) ७.९ वरून ८.४ वर गेली. मागच्या महिन्यात दुपारी दुकानात जेवायला उशीर झाला तर त्यांना घाम फुटला, हात थरथरले. जेवायला बसले की म्हणतात, तोंडी लावायला काही नाही, हे कसलं जेवण! सासूबाईंनी केलेला गुळांबा मी कपाटात ठेवून कुलूप लावलं, तर त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. मध, जॅम, केचप, पीनट बटर, लोणी, चटणी, लोणचं, यांतल्या नक्की कशाने साखर वाढते ते एकदा समजावून सांगा.’

बार्शीच्या ताई,

सोलापूर जिल्ह्यातल्या घरात शेंगदाण्याची चटणी बंद होणं ही लहान गोष्ट नाही. नवऱ्याच्या काळजीपोटी तुम्ही तीही केलीत. पण ती चटणी निर्दोष होती. तिला आजच ताटात परत घ्या आणि मधाची बाटली जेवणाच्या टेबलावरून उचला. ती कुठे ठेवायची ते शेवटी सांगते.

ही चूक एकट्या तुमची नाही. माझ्या वडिलांना मधुमेह होता. आम्ही त्यांच्या चहातली साखर काढली आणि दोन वर्षं रोज सकाळी त्यांना कोमट पाण्यात मध-लिंबू दिलं. मध नैसर्गिक, मध औषधी, असं घरात सगळेच म्हणत होते आणि मीही म्हणत होते. पुढे आहारशास्त्र शिकले, चमचा वजनकाट्यावर ठेवला, तेव्हा आपण त्यांना काय देत होतो ते कळलं. ते अजून मनाला लागतं, म्हणून मधापासूनच सुरुवात करते.

१०० ग्रॅम मधात साधारण ८० ते ८२ ग्रॅम साखर असते, बाकी बहुतेक पाणी. ही साखर म्हणजे फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. आपली पांढरी साखर पोटात गेल्यावर फुटून याच दोन शर्करा तयार होतात. आता चमच्याचं बघा. मध घट्ट आणि जड असतो. पोह्यांच्या लहान चमच्यात सपाट भरलेली साखर चार ग्रॅम बसते, मध मात्र सात ग्रॅम बसतो आणि त्यात पावणेसहा ग्रॅम साखर असते. म्हणजे चमच्याला चमचा धरला तर मधातून साखर जास्त जाते. दोन स्लाइसवर मिळून एक मोठा चमचा मध लागला तर ती १६-१७ ग्रॅम साखर झाली, चार लहान चमचे. यजमानांच्या चहातले दोन चमचे तुम्ही मोठ्या निग्रहाने काढलेत आणि ब्रेडवर चार चमचे लागले.

गुळाचंही वेगळं नाही. गूळ म्हणजे मुख्यतः ऊस-साखरच. त्यात लोह आणि इतर खनिजं थोडी आहेत हे खरं, पण ती पुरेशी मिळावीत इतका गूळ मधुमेही माणसाने खाल्ला तर आधी साखर कुठल्या कुठे जाईल.

आता जॅम. आपल्याकडच्या अन्न-नियमांप्रमाणे ज्याला जॅम म्हणायचं त्यात विरघळलेला घन भाग किमान ६५ टक्के असावा लागतो. यातला बहुतेक भाग साखरेचा, थोडी फळाची आणि पुष्कळशी वरून घातलेली. साध्या जॅमच्या एका मोठ्या चमच्यात १२-१३ ग्रॅम साखर धरा. तुमची बाटली ‘साखर न घातलेल्या’ जॅमची आहे, आणि इथेच माणसं फसतात. साखर घातली नाही म्हणजे साखर नाही असं होत नाही. अशा जॅममध्ये पुष्कळदा सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा आटवलेला रस घालतात, आणि रस आटवला की उरते ती साखरच. ‘शुगर फ्री’ हा दावा वेगळा आहे. तो करायचा तर १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. मात्र अशा जॅममध्ये कधी साखरेऐवजी गोडी आणणारं माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं. साखरेइतकी नाही, तरी थोडी वाढ त्यानेही होते, आणि जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे १०० ग्रॅममागे एकूण साखर किती आणि वरून घातलेली किती, हे दोन वेगळे आकडे छापलेले असतात. यजमानांसाठी एकूण साखरेचा आकडा बघायचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा आटवलेला फळांचा रस दिसला तर ती बाटली मुलांच्या डब्यासाठीसुद्धा जपूनच वापरा.

केचपबद्दल मला तितकी चिंता वाटत नाही, पण हिशोब माहीत असावा. एका मोठ्या चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर, म्हणजे चहाचा एक चमचा. थालीपिठाच्या कडेला टेकवण्यापुरतं घेतलं तर त्याने फार बिघडत नाही. पण केचप कोणी टेकवत नाही, ओततात. पोह्यांवर तीन चमचे पडले की १२ ग्रॅम झाली. पोह्यांवर लिंबू पिळा, कोथिंबीर-ओलं खोबरं घाला, शेजारी हिरवी चटणी ठेवा. केचपची गरज पडणार नाही. भेळेतली चिंच-खजुराची गोड चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं ही दोन्ही मात्र मी जॅमच्याच रांगेत बसवते. छुंदा, साखरांबा, मोरांबाही तिथेच.

आता ज्या डब्यांना तुम्ही कुलूप लावलंत त्यांच्याकडे येते.

शेंगदाण्याच्या चटणीत असतं काय? भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, आणि तेल सुटेपर्यंतची कुटाई. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनं, ४९ ग्रॅम तेल आणि १६ ग्रॅम कर्बोदकं असतात. त्या सोळातले आठ ग्रॅम तंतूच, जे पचून साखर होत नाहीत. ताटात चटणी पडते दहा ग्रॅम, फार तर पंधरा. त्यातून जेमतेम दीड-दोन ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. साखरेच्या मीटरवर त्याचा पत्ताही लागत नाही. उलट दाण्यातलं तेल आणि प्रथिनं यांमुळे जठरातून अन्न सावकाश पुढे सरकतं आणि भाकरीची साखर एकदम उसळत नाही. तीळ, जवस, कारळं यांच्या चटण्यांनाही हेच लागू. जवसात तर कर्बोदकं म्हणून जे काही आहे ते जवळजवळ सगळे तंतूच. फक्त जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं. सुक्या खोबऱ्याच्या चटणीने साखर वाढत नाही, पण खोबऱ्याचं तेल संपृक्त (सॅच्युरेटेड) असतं, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या जातीचं. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर ती आठवड्यातून एक-दोनदा ठेवा आणि रोजची जागा दाण्याला किंवा जवसाला द्या.

तेलाची तुमची भीती वजनाच्या बाबतीत खरी आहे, साखरेच्या बाबतीत नाही. दहा ग्रॅम चटणीत ५०-५५ कॅलरी असतात. एक चमचा चालेल, वाटीभर नको. पीनट बटर म्हणजे तरी काय, दाण्याचीच ओली चटणी, लसूण-तिखटाविना. घ्यायचं असेल तर घटकांत फक्त शेंगदाणे, फार तर मीठ, एवढंच लिहिलेलं घ्या. पुष्कळ बाटल्यांत साखर आणि पाम तेल घातलेलं असतं. पण बार्शीत राहून तुम्ही त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

लोणी, तूप आणि मेयोनीज यांत साखर जवळजवळ नाही. बाजारच्या बिनअंड्याच्या मेयोनीजमध्ये थोडी साखर आणि स्टार्च असतो, तेवढा अपवाद. मात्र इथे एक खाचखळगा आहे. पावाला भरपूर बटर लावून खाल्लं की दोन तासांनंतरची साखर छान येते आणि माणूस खूष होतो. खरं तर स्निग्ध पदार्थाने पावाची साखर अडवलेली नसते, उशिरा सोडलेली असते. ती तिसऱ्या-चौथ्या तासाला वर येते, तेव्हा कोणी बोट टोचत नाही. शिवाय बटर आणि मेयोनीजच्या एकेका मोठ्या चमच्यात शंभरच्या आसपास कॅलरी. बसून काम करणाऱ्या माणसाचं पोट सुटतं ते अशाने, आणि पोट सुटलं की इन्सुलिनचं काम अधिक अवघड होतं. भाकरीवर चमचाभर घरचं लोणी असेल तर मी हरकत घेणार नाही.

कैरीच्या तिखट लोणच्यात साखर नसल्यातच जमा. तिथे प्रश्न मिठाचा आहे. एका लहान चमच्यात एक ग्रॅमच्या आसपास मीठ जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी पाच ग्रॅमच्या आतच ठेवायला सांगितलं आहे. यजमानांच्या रक्तदाबाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. तो वाढलेला असेल, किंवा लघवीत प्रथिनं जात असतील, तर लोणचं खरंच बंद ठेवा. कारण तेल नाही, मीठ. रक्तदाब ठीक असेल तर एक फोड आनंदाने द्या.

तुम्ही कुठेतरी ‘ग्लायसेमिक इंडेक्स’चे, म्हणजे कुठल्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते त्या आकड्यांचे, तक्ते वाचले असतीलच. ती कल्पना १९८१ साली टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आणि ती उपयोगाची आहे. पण तोंडीलावण्याला ती तशीच लावली की घोटाळा होतो. हा आकडा काढताना त्या पदार्थातून तंतू सोडून ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील इतका पदार्थ खायला देतात. दाण्यांचा आकडा १५ च्या आत येतो, पण त्यासाठी अर्ध्या किलोहून जास्त दाणे खावे लागतील. मधाचा आकडा साखरेपेक्षा थोडा कमी, साठच्या आसपास. एवढ्या फरकावर लोक मधाला निर्धोक ठरवतात. तोंडीलावण्यात आकड्याहून महत्त्वाचं आहे ते चमच्यात किती आणि त्यातली साखर किती. आपल्या जुन्या ताटात हे आपोआप साधलेलं होतं. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं बोटाने किंवा चमच्याने वाढलेलं, इवलंसं. आपला घोळ झाला तो डावी बाजू सुटून गोड काहीतरी पावावर पसरायला लागलो तेव्हा.

आणि पाव. ताई, तुमच्या पत्रात हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो, तुम्ही विचारलेला नसूनही. चार स्लाइस म्हणजे ५० ग्रॅम कर्बोदकं, काही लावण्याआधीच. ब्राऊन ब्रेडचं नाव ऐकून हायसं वाटतं, पण पुष्कळ ब्राऊन ब्रेडमध्ये मैदा जास्त असतो आणि रंग कॅरमलचा. अगदी खऱ्या गव्हाच्या पिठाचा ब्रेडही, पीठ बारीक दळलेलं असल्यामुळे, पांढऱ्या ब्रेडच्या जवळपास त्याच वेगाने साखर वाढवतो. तक्त्यांत पांढऱ्याचा आकडा ७५ आणि गव्हाच्या ब्रेडचा ७४ आहे. म्हणून जॅम बदलून बघाल आणि चार स्लाइस तशाच ठेवाल तर २४० चे २१० होतील, पण १६० होणार नाहीत.

त्याऐवजी सकाळी एक मध्यम ज्वारीची भाकरी करा. ४० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं, त्यात थोडे तंतूही आले. सोबत चमचाभर शेंगदाण्याची चटणी, वाटीभर घट्ट दही, आणि एक उकडलेलं अंडं किंवा मटकीची उसळ. कडक भाकरी असेल तर ती दह्यात कुस्करून वर चटणी. हे मी तुम्हाला शिकवायचं नाही, तुम्हीच मला शिकवाल. सकाळी भाकरी थापायला वेळ नसेल तर दोन स्लाइस, त्यावर जाड थर हिरव्या चटणीचा, काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि पनीर किंवा आम्लेट. हिरव्या चटणीत साखर घालायची नाही. कोथिंबीर, पुदिना, मिरची, आलं, मूठभर दाणे आणि भरपूर लिंबू. लिंबासारख्या आंबट पदार्थाने पिष्टमय जेवणानंतरची उसळी थोडी कमी होते. त्यासाठी व्हिनेगर प्यायची गरज नाही, दात आणि अन्ननलिका दोन्ही दुखावतात.

मेतकुटात मेथी असते म्हणून ते मधुमेहावर औषध आहे असं सांगणारे भेटतील. मेथीदाण्याचा परिणाम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत तपासला गेला आहे, पण तिथे मेथी पुष्कळ ग्रॅमांत दिली होती. मेतकुटात ती चिमूटभर असते. मेतकूट चवीसाठी खा, आणि सोबतचा भात मोजून घ्या.

माझं सगळं ऐकलंत तरी शेवटचा निकाल यजमानांच्या रक्ताचा. घरी मीटर आहेच. एके दिवशी नेहमीचा नाश्ता, खाण्याआधी एकदा तपासा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तोच ब्रेड, तेवढाच, पण मध-जॅमच्या जागी दाण्याची चटणी. तिसऱ्या दिवशी भाकरी-चटणी-दही. तिन्ही दिवस गोळ्यांची वेळ तीच, चालणं तेवढंच. वहीत दोन्ही आकड्यांतला फरक लिहा. घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून दहा-वीसच्या फरकावरून कशालाही दोष देऊ नका. पन्नास-साठचा फरक मात्र खरा असतो. आणि हे आकडे यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहावेत. तुम्ही सांगितलेलं पथ्य त्यांना शिक्षा वाटतं. स्वतः लिहिलेला आकडा माणूस मानतो. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे साधारण लक्ष्य धरतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा.

सासूबाईंच्या गुळांब्याबद्दल. कुलूप काढा, ताई. कैऱ्या किसून, चुलीपुढे उभं राहून लेकासाठी केलेली वस्तू कपाटात बंद झालेली बघून त्यांना काय वाटलं असेल? गुळांबा निम्म्याहून जास्त साखरच आहे, यात शंका नाही. पण आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणात, एक पोळी कमी करून, लहान चमचाभर, आणि तो सासूबाईंनी स्वतःच्या हाताने वाढायचा. चमचा कोणता तो तुम्ही दोघींनी मिळून ठरवा. मधुमेहात साखर किती धोक्याची हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं नसेल, तर पुढच्या तपासणीला त्यांनाही दवाखान्यात घेऊन जा आणि वहीतले आकडे डॉक्टरांसमोर उघडा.

एक गोष्ट मात्र नाश्ता बदलण्याआधीच करा. डॉक्टरांना फोन करून सांगा की सकाळची कर्बोदकं निम्म्यावर आणतो आहोत. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही खाल्लेलं असो वा नसो. खाणं कमी झालं आणि गोळी तीच राहिली तर साखर खूप खाली जाऊ शकते. मागच्या महिन्यात दुकानात घाम फुटून हात थरथरले ते बहुधा हेच होतं, आणि डॉक्टरांना ते सांगितलं नसेल तर आजच सांगा. गोळी आपल्या मनाने कमी करू नका.

मधाच्या बाटलीची जागा इथे आहे. साखर ७० च्या खाली गेली, किंवा मीटर हाताशी नाही पण तशीच लक्षणं दिसली, तर १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी: एक मोठा चमचा मध, किंवा तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर तेवढंच परत द्यायचं, आणि सावरल्यावर जेवायचं. अशा वेळी शेंगदाण्याची चटणी, पीनट बटर किंवा चॉकलेट उपयोगाचं नाही, त्यातलं तेल साखर रक्तात पोचायला उशीर लावतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. बाटलीतला अर्धा मध लहान डबीत भरून यजमानांच्या दुकानातल्या गल्ल्यात ठेवा, उरलेली बाटली घरात गोळ्यांच्या डब्याशेजारी, आणि दुकानातल्या पोऱ्यालाही ती कशासाठी आहे ते नीट सांगून ठेवा.